कच्चा डाग

रिमोटवर चालणारी गाडी घ्यायची तर ती किती जोरात पळते एवढंच विचारायचं असतं, असं मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत वाटत होतं. त्यात मी विज्ञान शिकवणारा मास्तर. वर्गात घर्षण आणि दातेरी चक्रं फळ्यावर काढून दाखवायचो आणि घरी येऊन मोबाइलवर गाड्यांचे वेग वाचत बसायचो. हे अज्ञान ज्यांनी मला न हसता दूर केलं, त्या चाचांबद्दल लिहायचं आहे. आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडणार नाही. कळमनुरीतल्या जुन्या माणसांना ‘रेडिओवाले चाचा’ म्हटलं की पुरतं. त्यांचं माझ्यावर ऋण आहे, आणि त्यातल्या काही भागाचा आकडाही मला ठाऊक आहे. तो पुढे येईलच.

हिंगोलीचा दसरा आमच्या भागात मोठा. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं, आकाशपाळणे येतात. कळमनुरीची माणसं काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून रात्री बघायला जातात. १९९८ साली, म्हणजे हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती तेव्हा, वडिलांनी मला तिथून एक लाल गाडी घेऊन दिली. चालू केली की ती सरळ सुटायची. बटण दाबलं की मागे येता येता वळायची. पुढे जाताना वळवण्याची सोयच नव्हती. पोटाखाली २७ मेगाहर्ट्झ असं लिहिलेलं होतं. शेजारच्या पोरानेही तसलीच आणली होती. त्याने त्याचं बटण दाबलं की माझी गाडी मागे यायची. दोघांच्या गाड्या एकाच लहरीवर आहेत हे आम्हाला काय कळणार? आम्ही तिला भुताची गाडी म्हणायचो.

चौथ्या दिवशी आतल्या चक्राचे दात झडले. मी रडत चाचांकडे गेलो. दुकान म्हणजे गल्लीतली एक खोली. मांडीवर घेऊन बसता येईल एवढ्या रेडिओपासून ते कपाटाएवढ्या रेडिओपर्यंत सगळे तिथे पोट उघडून पडलेले असत, आणि त्यातलाच एखादा परभणी आकाशवाणी लावून बोलत असे. चाचांनी गाडी उघडली, चक्र बोटावर घेऊन पाहिलं आणि म्हणाले, “बेटा, ही मोडली तर दुरुस्त करायची, असं बनवणाऱ्याच्या मनातच नव्हतं. हे चक्र आणू कुठून?” मग आतली मोटर त्यांनी काढली, दोन वायरींना डाग दिला, दोन सेल जोडले आणि मोटरच्या टोकाला पुठ्ठ्याचं पातं बसवून दिलं. पैसे घेतले नाहीत. गाडी गेली, पण तो पंखा दोन उन्हाळे चालला.

नोकरी लागून दोन वर्षं झाली, लग्न व्हायचं होतं, हातात थोडे पैसे होते, तेव्हा २०१७ साली मी ऑनलाइन एक गाडी मागवली. खोक्यावर ताशी ८० किलोमीटर लिहिलेलं होतं. मला तेवढंच दिसलं. शाळेचं मैदान मुरमाचं. तिसऱ्या फेरीत ती झेंड्याच्या ओट्यावर आदळली आणि पुढचं उजवं चाक आडवं पडलं. विकणाऱ्याला कळवलं तर सुटा भाग येत नाही, गाडी नवीन घ्या, असं उत्तर आलं.

चाचांच्या दुकानात तोवर पुढच्या अर्ध्या भागात मुलाने मोबाइलची कव्हरं आणि चार्जर मांडले होते. चाचा मागच्या अर्ध्यात सरकले होते. रेडिओ क्वचितच यायचे. मिक्सर, टॉर्च, मशिदीचा किंवा देवळाचा अॅम्प्लिफायर, असलं काम असायचं. त्यांनी गाडी उलटी केली, चाक धरून हलवलं आणि विचारलं, “किती वर्षं झाली बेटा?”

“कशाला चाचा?”

“लाल गाडीला.”

मी हिशोब करून एकोणीस म्हणालो. ते म्हणाले, “ही तीच आहे. फक्त महाग आहे.”

मग चांगली कोणती, असं मी विचारलं. खरं तर असली गाडी त्यांनी जन्मात विकत घेतलेली नव्हती. त्यांनी उलट मलाच विचारलं, “चालवणार कुठं?” मला उत्तर आलं नाही. मी गाडीचा इतका विचार केला होता, पण जमिनीचा एकदाही केला नव्हता.

पुढच्या रविवारी ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसले आणि आम्ही गावाभोवती हिंडलो. शाळेचं मैदान पाहिलं, खडीचा रस्ता पाहिला, गावाबाहेरची शेतं पाहिली. आमच्याकडची माती काळी. ओली झाली की चाकाला अशी चिकटते की चाक दिसेनासं होतं, आणि वाळली की भेगा पडतात. चाचा एका ढेकळाशेजारी उकिडवे बसले, जमिनीवर चार बोटं आडवी ठेवून म्हणाले, “पोटाखाली एवढी जागा पाहिजे. नाहीतर कासवागत पोटावर बसंल.” मी गेले काही महिने ज्या गाड्यांची चित्रं बघत होतो त्या गुळगुळीत डांबरावर पळणाऱ्या होत्या. त्यांच्या पोटाखाली एक बोटही गेलं नसतं. तसलं डांबर आमच्या गल्लीत नाही, आणि जिथे आहे तिथे उसाचे ट्रॅक्टर असतात.

त्या रविवारनंतर मी जरा माणसासारखा वाचायला लागलो. खेळण्यातली गाडी आणि छंदाची गाडी यांतला फरक वेगाचा नाही, हे तेव्हा समजलं. छंदाच्या गाडीत सगळं सुटं असतं. हातातला रेडिओ वेगळा, गाडीतला रिसीव्हर वेगळा, चाकं वळवणारा सर्वो वेगळा, मोटरला वीज मापून देणारा स्पीड कंट्रोलर वेगळा, मोटर वेगळी, बॅटरी वेगळी. चाकाला धरून ठेवणारा प्रत्येक आर्म, प्रत्येक बेअरिंग, प्रत्येक स्क्रूला नंबर असतो आणि तो नंबर सांगून तेवढीच वस्तू मागवता येते. स्टिअरिंग जेवढं फिरवाल तेवढीच चाकं वळतात. आणि २.४ गिगाहर्ट्झच्या नव्या रेडिओत रिसीव्हर आपल्या रिमोटला ओळखून असतो, शेजारच्या पोराचं ऐकत नाही. हे मी चाचांना उत्साहाने सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे जुना रेडिओच की. व्हॉल्व्ह गेला तर व्हॉल्व्ह बदला.” मला जे समजायला तीन महिने लागले ते त्यांना एका वाक्यात समजलं.

त्यांना आवडेल म्हणून मी तामिया कंपनीची हकीकत सांगितली. जपानमधल्या शिझुओकाची ही कंपनी १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली, मग लाकडाच्या आणि पुढे प्लास्टिकच्या प्रतिकृती करू लागली. १९७६ साली तिने पोर्शे ९३४ ही पहिली रेडिओवर चालणारी गाडी काढली. १९८४ मध्ये नवशिक्यांसाठी ग्रासहॉपर काढली, तिच्यात मुद्दाम लहान, ३८० मापाची मोटर घातली. त्याच वर्षीच्या हॉर्नेटला मोठी ५४० दिली. आणि या गाड्या जोडलेल्या मिळत नसत. खोक्यात भाग यायचे, पोराने स्वतः जोडायचे. चाचांनी हे दोनदा सांगायला लावलं. “आधी जोडायची, मग चालवायची?” ते म्हणाले, “शहाणी माणसं आहेत.” किट घेण्याची हिंमत मला झाली नाही, हे इथे कबूल करतो.

वेगाचं खूळ मात्र गेलं नव्हतं. मध्येच मला इंजिनाची गाडी घ्यावीशी वाटली. तो आवाज, तो धूर. चाचांनी विचारलं, तेल कोणतं लागतं? मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनचं. “कळमनुरीत कुठं मिळतं?” विषय संपला. मग ब्रशलेस मोटर मनात भरली. तीन वायरींची, झिजणारे ब्रश नसलेली, भयंकर पळणारी. ते म्हणाले, पहिली ब्रशचीच घे, दोन वायरींची. साधी आहे, स्वस्त आहे, आणि जळाली तर रडू येणार नाही.

२०१८ मध्ये पुण्यातला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी त्याचा ट्रॅक्सासचा स्लॅश विकत होता. टेक्सासच्या या कंपनीने हा ट्रक २००८ साली बाजारात आणला. एकास दहा मापाचा, मागच्या दोन चाकांवर चालणारा, ब्रशच्या मोटरचा, पोटाखाली चाचांची चार बोटं जातील असा. नवा घेणं माझ्या पगारात बसत नव्हतं. चाचांनी एका कागदावर मला काय काय बघायचं ते लिहून दिलं. चाक हाताने फिरव आणि कान लाव. चाक धरून आडवं हलव, ढिलाई बघ. मोटरचा वास घे. शेवटची ओळ ठळक होती: पुस्तिका नसेल तर गाडी घेऊ नको. मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेलो, सगळं बघितलं, पुस्तिकेसकट गाडी आणली. पुस्तिकेतली चित्रं पाहिली. वाचली नाही.

ती वाचली चाचांनी. म्हणजे मुलाकडून वाचून घेतली. त्यात त्यांना सापडलं की स्पीड कंट्रोलरमध्ये शिकाऊ माणसासाठी अर्ध्या ताकदीची एक सोय आहे. त्यांनी ती लावूनच गाडी माझ्या हातात दिली आणि महिनाभर काढायची नाही म्हणाले. मला राग आला होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मास्तराला अर्ध्या वेगाने गाडी चालवताना शाळेची पोरं बघणार! पण त्या महिन्यात मला एक गोष्ट कळली जी वेगात कधी कळली नसती. गाडी समोरून आपल्याकडे येते तेव्हा डावं-उजवं उलटतं. तो गोंधळ मेंदूतून जायला मला पुरे वीस दिवस लागले. आणि चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. मी विसरायचो. चाचा म्हणाले, “बैल सोडायच्या आधी कासरा हातात घेतात का नाही?” पुन्हा विसरलो नाही.

पहिला आर्म मोडला तो पूर्ण ताकद लावल्यावर आठ दिवसांनी. पुढचा, डावा. पुस्तिकेतल्या चित्रात नंबर बघितला, मागवला, कुरिअरने आला. चाचांच्या बाकावर बसून मी तो बदलला. ते शेजारी उभे होते, दोन्ही हात मागे बांधून. मी चुकीचा स्क्रू काढला तरी हात पुढे आला नाही. दीड तास लागला. चाचांनी तो पाच मिनिटांत केला असता आणि माझ्या हातात काहीच राहिलं नसतं. मी शिकवायला लागून तेव्हा तीन वर्षं झाली होती. वर्गात पोराचं गणित अडलं की खडू हिसकावून मी सोडवून टाकायचो. त्या दिवसापासून मीही हात मागे बांधायला लागलो, अजून पूर्ण जमत नाही. पुढे गाडी वर्गात नेली. मोटरच्या छोट्या चक्राचे दात पोरांनी मोजले, १९. मोठ्या चक्राचे मोजताना खडूची खूण करूनही तीनदा चुकले, शेवटी ८६ आले. मोटर किती फिरली म्हणजे मोठं चक्र एकदा फिरतं, याचा भागाकार त्या दिवशी कुणालाही कंटाळवाणा वाटला नाही.

आता जे सांगायचं ते.

गाडीबरोबर निकेलची जुनी बॅटरी आली होती. २०१९ च्या उन्हाळ्यात मी लिथियम पॉलिमरची, दोन सेलची नवी बॅटरी घेतली. तिचा प्लग वेगळा होता. चाचांनी जुना कापून गाडीला बसणारा प्लग डाग देऊन लावून दिला. एका वेळी एकच वायर उघडी ठेवली, दुसरीला टेप. दोन्ही एकदम उघड्या झाल्या आणि टेकल्या तर काय होईल ते त्यांनी मला समजावून सांगितलं. संध्याकाळी मी मैदानावर गेलो. गाडी अशी कधी पळाली नव्हती. वीसेक मिनिटांनी ती मंदावायला लागली. मी थांबलो नाही. आणखी एक फेरी, आणखी एक, असं करत ती पार रांगायला लागेपर्यंत चालवली. घरी येऊन पाहिलं तर बॅटरी पुरीसारखी फुगली होती आणि हात लावला तर चटका बसत होता.

त्या रात्री मी पुस्तिका पहिल्यांदा वाचली. लिथियमच्या सेलचा दाब ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. खाली गेला तर सेल कायमचा बिघडतो. तो जाऊ नये म्हणून स्पीड कंट्रोलरमध्ये राखण करणारी सोय असते. ती चालू असेल तर दिवा हिरवा, बंद असेल तर लाल. निकेलच्या बॅटरीला तिची गरज नसते, म्हणून आधीच्या मालकाने ती बंद ठेवलेली. माझा दिवा वर्षभर लाल होता आणि तो लाल का आहे असं मी एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणजे सकाळी चाचांकडे गेलो तेव्हा मला खरं कारण माहीत होतं. तरी मी म्हणालो, “चाचा, प्लगचा जोड तापला बहुतेक. बॅटरी गेली.” असं का बोललो? लाज वाटली एवढंच सांगता येतं. ज्यांनी पुस्तिका नसेल तर गाडी घेऊ नको म्हणून लिहून दिलं होतं, त्यांना मी ती वाचली नाही हे सांगायची हिंमत झाली नाही.

त्यांनी प्लग मागितला. बॅटरी मी आधीच वाळूत पुरून ठेवली होती, प्लग तेवढा कापून नेला होता. त्यांनी तो भिंगाखाली धरला. बराच वेळ फिरवून पाहिला. “दिसतो तर पक्का,” असं म्हणाले. मग भिंग खाली ठेवलं. “पण आता माझ्या डोळ्यांचं काय खरं आहे.” गल्ला उघडून पाचशेची नोट काढली आणि माझ्यापुढे धरली. “अर्धी बॅटरी माझ्याकडून.”

मी नको म्हणालो. ते ऐकेनात. मी ती घेतली.

त्यानंतर माझं जाणं कमी झालं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, सुटे भाग महागले, मग लॉकडाऊन लागला. दुकानात न जायला मला कारणं मिळत गेली. गाडी कपाटावर होती. २०२१ च्या डिसेंबरात शाळेच्या स्पीकरची वायर तुटली म्हणून गेलो तर मुलगा म्हणाला, “सर, हिंगोलीला न्या. अब्बांनी डाग द्यायचं सोडलं.” मी विचारलं, कधीपासून? “झाली की दोन-अडीच वर्षं. म्हणतात हात कच्चा झाला, लोकांच्या वस्तू जाळायच्या नाहीत.” चाचा मागे बसून बातम्या ऐकत होते. मला बघून हसले, चहा मागवला. मी चहा पिऊन, वायर तशीच घेऊन घरी आलो.

पुन्हा जायला मला चार दिवस लागले. पुस्तिका नेली, पाचशेची नोट नेली, ती वायरही नेली. मुलगा गिऱ्हाइकाशी बोलत होता तेवढ्यात मी चाचांना सगळं सांगितलं. लाल दिवा, शेवटच्या फेऱ्या, रात्री वाचलेली पुस्तिका. त्यांनी पुस्तिकेतलं ते पान माझ्याकडून वाचून घेतलं, मराठीत सांगायला लावलं. मी माफी मागितली. त्यावर ते काही बोलले नाहीत.

“म्हणजे डाग पक्का होता?” त्यांनी विचारलं.

“पक्का होता चाचा.”

त्यांनी नोट घेतली, सवयीने उजेडाकडे धरून पाहिली आणि गल्ल्यात टाकली. मग मुलाला हाक मारून सोल्डरिंग आयर्न कुठे ठेवलं ते विचारलं. तो गोंधळला. कपाटाच्या खालच्या फळीवरून जुन्या कापडात गुंडाळलेलं आयर्न निघालं. चाचांनी ते भिंतीवरच्या सॉकेटला लावलं, मुलाला पंखा बंद करायला सांगितला, वाऱ्याने डाग लवकर थिजतो म्हणून. मला टॉर्च धरायला लावली.

त्यांचा हात थरथरत होता. पहिला डाग बसला तो पांढुरका, चमक नसलेला. त्यांनी जीभ टाळूला लावून च्यक केलं, तो काढून टाकला, वायर पुन्हा घासली आणि दुसऱ्यांदा लावला. या वेळी तो पाण्याच्या थेंबासारखा पसरला. ते फुंकर मारत नाहीत, आपोआप थंड होऊ देतात. तेवढा वेळ आम्ही तिघे त्या एका ठिपक्याकडे बघत होतो.

“ओढ,” ते मला म्हणाले.

मी वायर ओढून पाहिली.

“अजून जोरात.”